पत्त्याचा रकाना

वीजबिल? नाही. भाडेपावती? नाही.
जन्मदाखला आईकडे,
आणि आई कुठे, ते तो सांगत नाही.

ओडेल, वय एकोणीस, टोलेडो.
वेल्डिंगच्या वर्गात एकच जागा उरलीय
आणि शुक्रवारी चारला खिडकी बंद.

मग जॅकेटच्या आतून त्यानं काढली
लाँड्रोमॅटवाल्या मिसेस बोद्नारची चिठ्ठी,
साबणाचा वास मारणारी:
‘हा मुलगा नोव्हेंबरपासून
सात नंबरच्या ड्रायरला पाठ टेकून झोपतो.
रात्री मी कुलूप लावत नाही.’

रकाना बोटभर.
बारीक अक्षरात बसवलं सगळं,
ड्रायरच्या नंबरासकट.

शिक्का उचलला तर म्हणतो,
‘मॅडम, सात नाही, नऊ करा.
सातवाला आता तापत नाही.’

खोडलं. नऊ केलं.
खाडाखोडीपाशी त्याची सही घेतली,
नियमाप्रमाणे.