चार इंची

तापकीर गल्लीत बोरावके काउंटरवर दोन ठेवतात.
एकाच्या कडेला जाड रबर,
दुसऱ्याचा कागद फुंकरीनंही थरथरतो.

“बास पाहिजे तर हा.”
बास भोंगा देईल;
आठ फुटांची वाट प्लायवूडमध्ये घडी घालून
ठेवलीय कोथरूडच्या गॅलरीत, फेव्हिकॉल अजून ओला.
मला घसा हवाय, छाती नको.

हसले. टेपला वायर चिमटून
माझीच कॅसेट लावली:
सदाशिव पेठेतली बैठक, एकोणऐंशी.

रबरवाल्यातून तान आली, वाहवा आली.
कागदातून
वाहवेच्या आधी
कुणी सतरंजीवर मांडी बदलली,
आणि दाराजवळ आप्पा खाकरले,
दम्याचं ते दुहेरी, अर्धवट.

“जोडी बांधू?”
एकच, म्हटलं. रेकॉर्डिंग मोनो आहे.

घासाघीस न करता
वर्तमानपत्रात गुंडाळला त्यांनी.