बर्फवाल्याचं कोपर

वाल्देसीर एकशे नऊ किलोचा.
मी एकावन्न,
तेही मासळीबाजारातून थेट आले असेन
आणि केसांत खवले असतील तर.

मानाउसच्या बंदरामागे, टायरच्या दुकानावर
पत्र्याखालची खोली. निळ्या मॅट. एकच पंखा, दमेकरी.
तिथे अकरा महिने
मी त्याच्याखाली सापडत आले.
त्याचा घाम माझ्या डोळ्यांत.
त्याची छाती माझ्या तोंडावर, भुश्श्याचा वास,
ज्या भुश्श्यात तो दिवसभर बर्फ झाकतो.

दोना इरासी साठीच्या. एक कान चुरगळून तसाच वाळलेला.
म्हणायच्या, त्याला उचलायला कशाला जातेस?
नदी कुणी उचलतं का?
तू सरक.

मग मी सरकायला शिकले.
आधी श्वास. मग कोपर बरगडीला.
मग कंबर वीतभर इकडे,
आणि त्या वीतभर जागेत एक गुडघा,
घरात नको असलेल्या पाहुण्यासारखा.

पहिल्यांदा त्याचा हात गवसला तेव्हा
तो सरळ उभाच राहिला.
मी त्याच्या दंडाला लोंबकळत,
वाळत घातलेल्या पिरारुकूसारखी.
सगळे हसले. मीही हसले, उलटी.
दोना इरासी हसल्या नाहीत.
गुडघ्यांत फट होती, म्हणाल्या.
फटीतून मासा जातो, हा तर माणूस.
आणि अख्खा वाल्देसीर कशाला हवाय तुला?
एक कोपर माग.
त्याच्या एका कोपरासमोर तुझे सगळेच्या सगळे एकावन्न.
आता सांग, मोठं कोण?

ऑक्टोबरात नदी खाली गेली.
धक्क्यापासून पाण्यापर्यंत ब्याण्णव पायऱ्या उघड्या पडल्या,
आणि त्या गुरुवारी त्यानं दिवसभर त्यांवरून बर्फ वाहिला होता.
हे सांगायला हवं,
नाहीतर गोष्ट माझ्याच बाजूनं झुकेल.

ताकदवानाची एक खोड असते,
कंटाळला की ढकलतो.
त्यानं माझ्या छातीवर तळवा ठेवून ढकललं
आणि हात सरळ झाला.
मी वाट बघत होते असं म्हणवत नाही.
माझा पाय त्याच्या चेहऱ्यावरून गेला, मला न विचारता.
गुडघे आवळले.
त्याचा अंगठा छताकडे.
कंबर त्याच्या खांद्याला चिकटलेली,
आणि मग फक्त दोन बोटं वर.

त्यानं थाप मारली नाही.

दुसरा हात मॅटवर होता, मूठ वळलेली.
मी त्या मुठीकडे बघत राहिले.
उघड ना, उघड.
ओल्या लाकडात पाचर शिरावी
तसं काहीतरी माझ्या मांडीला कळलं,
कानाला नाही.
याच कोपरावर रोज चाळीस लाद्या चढतात.
त्यातली एक माझी.

मी सोडलं.

तो उठून बसला. सुटलोच असतो, म्हणाला.
कुणी मान डोलावली.
दोना इरासी पाठमोऱ्याच विचारत होत्या,
मॅट पुसायची पाळी आज कुणाची?
माझीच होती.

पहाटे पाचला तो आला.
लादी डाव्या खांद्यावर, नेहमी उजव्या असते.
मी तांबाकी खवलत होते, मान वर केली नाही.
त्यानं लादी ठेवली. फडकं झटकलं. गेला नाही.
मग उजवा हात, सावकाश, जेमतेम सरळ होणारा,
माझ्या मासे कापायच्या फळीवर आला
आणि तळव्यानं दोनदा,
टप टप.
चार खवले उडाले.

काय बोलायचं असतं अशा वेळी?
मी म्हटलं, लादीचा कोपरा तुटलाय.

तो म्हणाला, तोलून बघ. वजन पुरं आहे.