सहा आकडे

वेर्ल्यात रेंज मिळते ती एकाच जागी,
डोंगरावर, माटाच्या मुळाशी.
तिथे मी आतेचा फोन धरून उभा.
आते खाली, पंचायतीच्या खिडकीशी,
ती जिवंत आहे हे नोंदवायला.
बोटांच्या रेषा काजूच्या चिकाने कधीच खाल्ल्या;
यंत्र म्हणतं, ही सुकांती वेळीप नव्हेच.
म्हणून आकडे मागवलेत.

आले. सोबत ताकीद:
कोणालाही सांगू नका.

हातांचा कर्णा करून मी ओरडलो, चार! नऊ!
कुळागरातल्या दुर्ग्याने झेललं,
पुढे ओहोळावरच्या धुणंवाल्यांनी.
शून्याला एकीने पूज्य म्हटलं, तिथे जरा घोळ झाला.
पण मुदतीच्या आत
अख्ख्या गावाच्या तोंडून
आतेचं गुपित खिडकीत पोचलं,
आणि गाव ते तिथल्या तिथे विसरलं.

उतरणार तोच फोन वाजला.
गोड आवाज, अनोळखी:
सुकांतीबाई ना? पेन्शनीवर कर्ज हवंय?
आणि हो, परवा वाढदिवस. आगाऊ शुभेच्छा.

रात्री आतेला सांगितलं.
चूल फुंकायची थांबली.
माझा वाढदिवस?
आवयला आठवायचं ते एवढंच,
त्या वर्षी काजू उशिरा धरले.