ठसका

नोव्हेंबर. तेलाच्या घाण्याचं दार अर्धं उघडं,
आतून कापलेल्या गवताचा, टोमॅटोच्या देठाचा वास.
आर्गिरोमावशी पोत्यावर बसलीय,
हात मांडीवर पालथे,
जणू कुणीतरी ते तिच्याकडे सांभाळायला दिलेत.

बोटं आल्याच्या कुड्यांसारखी झालीत.
लग्नाची अंगठी गेल्या ईस्टरला
कालामाताच्या सोनारानं कापून काढली.
ती तिनं विकली नाही,
मिठाच्या बरणीत ठेवलीय. का, ते विचारायचं नाही.

मी अथेन्सहून बारा कुप्या घेऊन आले आहे.
थ्रासोस नळाखाली निळा पेला धरतो,
तेल दोऱ्यासारखं उतरतं, हिरवं, गढूळ.
"गिळताना श्वास ओढ."

जीभ भोळी असते. तिला लोणी वाटतं,
मग जरा कडू.
आणि मग पार मागे, पडजिभेच्या पलीकडे,
नखाचा एक ओरखडा.
ठसका.
पुन्हा ठसका.
"दोन," थ्रासोस बोटांवर मोजतो,
"गेल्या साली एकच होता."
मावशी म्हणते, "कोण आठवण काढतंय गं तुझी?"

आठवण नाही मावशी, एक रेणू आहे.
त्याचं नाव मी तिला पिठाच्या पुडीवर लिहून दिलं होतं,
त्याच पुडीनं तिनं चूल पेटवली.
"नाव नको. काम सांग."

काम असं:
अंगात कुठे दुखलं-खुपलं की
आग आग म्हणून ओरडत सुटणारे दोन नोकर असतात,
हा त्यांच्या तोंडावर हात ठेवतो.
औषधाच्या दुकानातली तुझी गोळीही तेच करते,
आणि पाण्यात विरघळवून प्यायलीस तर
तीही घशात इथेच चावते.
या दोघांचं नातं माणसांना आधी खोकून कळलं,
यंत्रांनी नंतर होकार दिला.

"मग गोळी बंद करू?"

खोटं बोलणं सोपं होतं.
तेल चमकत होतं, थ्रासोस कान देऊन उभा होता,
बाटलीवर चिकटवायला त्याला एक वाक्य हवंच होतं.
मी म्हटलं, नको.
फुलपात्रभर प्यायलीस तरी
गोळीच्या दहाव्या हिश्श्याएवढंच.
काचेच्या नळीत दिसतं ते बोटांच्या पेरात दिसेलच असं नाही.
रोज थोडं, वर्षानुवर्षं, तर कदाचित.

"कदाचित," ती म्हणाली,
जुनं नाणं दातांखाली धरून पाहावं तसं.
"एकाहत्तर वर्षं हेच तेल खातेय,
आणि हात बघ.
पण हे नसतं तर किती वाकले असते,
ते कसं मोजणार?
बिनतेलाची आर्गिरो कुठून आणशील तू?"

माझ्या वहीत या प्रश्नाला रकाना नाही.

तिनं पाव दोन्ही तळव्यांत धरला,
बोटं मिटत नाहीत म्हणून,
तेलात बुडवला, खाल्ला.
एक. दोन. डोळ्यांत पाणी. तीन.
थ्रासोसनं मोजणं सोडलं,
खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला.

मी कुप्या भरल्या, झाकणं घट्ट केली,
काळ्या कागदात गुंडाळल्या,
कारण उजेडात हे तेल
हळूहळू आपला चावा विसरतं.
"एक मला ठेव," ती म्हणाली.
"झाकण मात्र सैल लाव.
रात्री मला उघडता आलं पाहिजे."