रिकामी बाटली

थर्स्कबाहेर, हायवेच्या कडेला, पहाटे सव्वासहाला
ऑब्री गुडघ्यावर बसून माझी बाटली हलवतो.
खालच्या दांडीवर नको, तिथं वारा अडखळतो.
सीटच्या दांडीवर बरी. त्याहून बरी
दोन कोपरांच्या मध्ये, आडवी,
छातीपुढची पोकळी बुजवत.
सत्त्याहत्तरीचा निवृत्त प्लंबर,
जन्मभर पाणी वळवलं,
आता वारा वळवतो.

"भरू का?"
"कशाला? उगाच पाऊण किलो."

मग पंचवीस मैल
तहानेच्या मापाची एक वस्तू
उराशी धरून मी पळवली.
हॅम्बल्टनच्या टेकड्यांवरून आलेला वारा
तिला चाटून पोटाखालून गेला,
निमूट.
अठराव्या मैलाला जीभ टाळूला चिकटली.
नळी ओठांपाशीच होती. ओढली.
वारा प्यालेल्या वासराचं
लहानपणी ऐकलं होतं,
चव आज कळली.

सव्वीस सेकंद वाचले.
ऑब्रीनं वहीत लिहिले, पुसले, पुन्हा तेच लिहिले.
डिकीतून थर्मास काढून
कपात चहा ओतला.
मी घटाघटा प्यायले, हनुवटीवरून सांडत.
तो कपाकडे बघत होता,
मान तिरकी करून:
हा कान असा बाहेर आलेला,
वाऱ्याला नक्की आडवा येत असणार.