ताटाएवढी खिडकी

अकरा वर्षं मी त्या जहाजावर कप विसळले.
जहाज लहान, पाहुणे अठ्ठेचाळीस,
बहुतेक म्हातारे, गळ्यात दुर्बिणी.
कुठला पक्षी कुठल्या बेटावर कधी अंडी घालतो
हे त्यांना तोंडपाठ,
नातवांची नावं मात्र
बायकोला विचारून घ्यायचे.

बेटं काळी.
भाकरी करपून तव्याला चिकटावी
तशी समुद्राला चिकटलेली.
एकाच्या डोक्यातून अजून वाफ यायची.
आमचा कुक कायतान, चांदरचा,
ती दिसली की छातीवर खूण करायचा
आणि भाताखालचा गॅस बारीक करायचा,
जणू दोन्ही एकाच नळीवर चालतात.

पँट्रीला एक खिडकी होती, गोल, ताटाएवढी.
मी पाहिलं ते सगळं त्या ताटात वाढलेलं.
सीलचं अर्धं नाक.
निळे पाय, वरचा पक्षी नाही.
एकदा देवमाशाची पाठ,
सहा बशा पुसून झाल्या तरी पाठच.
शेपूट आली असेल तेव्हा
कुणीतरी लिंबू मागितलं.

वर डेकवर टाळ्या वाजल्या,
आमच्याकडे दशावतारात संकासूर आला की वाजतात तशा.

बेटावर उतरायचं तर माणसं मोजून,
बुटांचे तळवे ब्रशने घासून.
एका बेटाचं बी चुकून दुसऱ्यावर जायला नको.
त्या मोजणीत आम्ही नव्हतो.
फक्त सातव्या वर्षी
एक बाई काठी विसरली
आणि रबरी होडीत एक जागा रिकामी होती.

जमीन गरम असेल म्हणून पाऊल जपून टाकलं.
नव्हती.
हरमलला ते काळे खडक आहेत ना, खांब रोवल्यासारखे,
जिथे कालवं फोडताना माझा अंगठा कापला होता,
त्यांचीच कोणी सख्खी लागत असावी.

वाटेच्या मधोमध एक पक्षीण अंड्यावर बसलेली.
गाईड म्हणाला, थांब. तिला उठवायचं नाही.
अलीकडे मी, काठी घेऊन.
पलीकडे बाई, एका पायावर भार देऊन.
अर्धा तास.
पक्षिणीने मला पाहिलं, मग पाहायचं सोडून दिलं.
जहाजावर मला पाहून न पाहणारे पुष्कळ होते.
हिचं तसं नव्हतं.
कसं होतं, ते शेवंतीला फोनवर सांगायला गेलो.
ती म्हणाली, छपराचे पैसे पाठवलेस?

आता मी केरी-तेरेखोल फेरीवर आहे.
साखळी सोडतो, फळी पाडतो, स्कूटरी लावून घेतो.
सात मिनिटं जायला, सात यायला.
वाफ निघते ती धक्क्यावरच्या चहाच्या गाड्यातून.

परवा दोघे आले, गळ्यात दुर्बिणी.
इथे काही बघायला मिळतं का?
म्हटलं, मिळतं की.
त्या खांबावर पाणकावळा, पंख वाळत घालून,
खात्यातला कायम नोकर असल्यासारखा.
घार आहे. नशीब असलं तर पाणमांजर.
आणि हा लाल्या.
सकाळच्या फेरीने तेरेखोलला जातो, दुपारी परत.
तिकडे त्याचं कोण आहे, कुणाला ठाऊक नाही.

फेरी टेकली. फळी पडली.
लाल्या फळीच्या तोंडाशी आडवा, गाढ.
मी हात वर केला. थांबा.
मागे हॉर्न सुरू झाले,
वरून इनास ओरडला, काय झालं रे?
काय झालं ते मलाही नीट सांगता आलं नसतं.

तेवढ्यात मासळीची पाटी डोक्यावर घेतलेली एक बाई
लुगडं जरा उचलून
त्याला ओलांडून गेली.
मग बाकीचे गेले. स्कूटरी वळसा घालून गेल्या.
लाल्याने कानसुद्धा हलवला नाही.
हातात साखळी घेऊन
मी एकटाच थांबलेला.