खडूची तारीख

आमच्या अमळनेरात, आमच्या गल्लीत तरी,
नळ आठव्या दिवशी येतो.
कधी नवव्या. पहाटे साडेतीनला
आधी पाईप नुसती हवा खोकतो,
आणि टोकाच्या घरातून तुळसाबाई ओरडते,
'पानी उनं व माय, ऊठ!'

निळ्या पिंपावर मी खडूने लिहिते: बावीस.
म्हणजे तिशीपर्यंत हे प्यायचं.
कूलरच्या टाकीत उरलेलं मोरीला,
डाळ धुतलेलं कढीपत्त्याला,
कपड्यांचं तिसरं पाणी फरशीला,
आणि फरशीचं तेच, काळं झालेलं,
संडासाच्या बादलीत.
एका बादलीला मी चार जन्म देते.
पाहुण्याला फुलपात्र अर्धंच भरते
आणि 'अजून घ्या ना' म्हणायला विसरते.

घराच्या पुढच्या अंगाला सुपडूचं गॅरेज.
तिथे असला हिशोब नाही.
चेन धुतलेलं रॉकेल, इंजिनातून काढलेलं ऑईल,
जे निघेल ते पायरीखालच्या गटारीत.
एकोणीस वर्षं.
मी तरी काय काय टाकलंय तिच्यात:
पापड तळून उरलेलं तेल,
दाराला रंग दिला तेव्हाचं टर्पेंटाईन,
उंदराच्या औषधाची अर्धी पुडी.
उंबऱ्याच्या आत पाणी माझं.
बाहेर पडलं की नगरपालिकेचं.

पोळ्यानंतर एकदा पाऊस झाला,
तासभरच, पण पिसाळलेला.
गटार रस्त्यावर आली
आणि संध्याकाळच्या उजेडात
सगळी गल्ली मोरपिसासारखी चमकली.
पोरं टाळ्या पिटत होती.
शेवेच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या,
कोंबड्यांची पिसं, एका पायाची चप्पल,
अशी वरात निघाली उताराने, बोरीकडे.
चेतनाच्या वहीच्या होडीला
काळी किनार आली होती, साडीसारखी.

जेवताना म्हणाली, 'बोरी कुठे जाते?'
'तापीला.'
'आणि आपला नळ कुठून येतो?'
'तापीवरून.'
भाकरी मोडता मोडता थांबली.
'मग पंप कुठेय?
बोरी मिळते त्याच्या वर, का खाली?'

सुपडू म्हणाला, वर.
मग म्हणाला, वरच असणार,
एवढं तर कळत असेल साहेबांना.
मी वॉल्व फिरवणाऱ्या कौतिकदादाला गाठलं.
तो म्हणाला, 'ताई, मी चावी फिरवतो.
पाणी कुठलं, ते पाईपाला ठाऊक.'

खाली असला तर प्रश्नच मिटला,
आपलंच आपल्याला.
पण वर असला, तर?
तर खालच्या कुठल्या तरी गावी
एक बाई पहाटे उठून
आमच्या गॅरेजचं पाणी
तुरटी फिरवून निवळत बसली असेल,
आणि पिंपावर तारीख टाकत असेल
माझ्यासारखीच, नीट, जपून.

त्या रात्री मला तहान लागली
आणि मी उठले नाही.

आता गॅरेजात एक कापलेला डबा आहे.
जुनं ऑईल त्यात. भंगारवाला नेतो, अठरा रुपयांनी.
त्यावरही मी खडूने तारीख टाकली
तेव्हा सुपडू हसला, 'हे काय प्यायचंय का?'
म्हटलं, 'नाही. म्हणूनच.'

तरी पाऊस आला की मी पायरीवर जाऊन बघते.
मोरपीस अजून दिसतं, थोडं फिकट.
आमचं नाही ते.
वरच्या गल्लीचं असेल.

वरच्या गल्लीतही कुणी पायरीवर उभं असेल.